नाही, पारशी देवापुढे माणसं जाळत नव्हते

परवा संध्याकाळी चहा गाळून झाल्यावर आईने हळूच विचारलं, "अगं, आपल्या आंटींच्यात पूर्वी खरंच माणसं जाळायचे का गं देवापुढे?" शेजारच्या आंटी पारशी. तीस वर्षांचा शेजार, आईच्या दुखण्यात रात्ररात्र जागलेल्या. आईने फोन पुढे केला. सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मेसेज: 'फँटसी कादंबऱ्यांतले धर्म कुठून उचलले? चार धक्कादायक सत्यं.' मलाही तो तीनदा आला होता, मी सोडून दिला होता. आता सोडणार नाही.

त्यात म्हटलंय की कादंबरीतला धर्म हा खऱ्या धर्माचा आरसा असतो, म्हणून कादंबरी वाचली की मूळ धर्म कळतो. पहिलंच उदाहरण 'गेम ऑफ थ्रोन्स'चं. प्रकाशदेव ऱ्हलोर म्हणजे पारशी धर्म. त्याची लाल पुजारीण मेलिसान्द्रे माणसांना चितेवर चढवते, म्हणून प्राचीन इराणातही तेच चालत होतं!

यातलं खरं तेवढं मान्य करते. लेखक जॉर्ज मार्टिन यांनीच सांगितलंय की या पंथासाठी थोडं झरथुष्ट्री, म्हणजे पारशांच्या धर्माकडून घेतलं आणि थोडं मध्ययुगीन युरोपातल्या कॅथर या ख्रिस्ती पंथाकडून. प्रकाश आणि अंधाराचं युद्ध, अग्नीचं पावित्र्य हे तिथून आलं. पण चिता?

हिरोडोटस वाचा. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार, इराण्यांची भलामण करायचं त्याला काही कारण नव्हतं. त्याच्या इतिहासाच्या तिसऱ्या भागात इराणचा राजा कॅम्बिसिस इजिप्तच्या अमासिस राजाचं प्रेत थडग्यातून उकरून जाळायला लावतो. हिरोडोटस लिहितो की हा अधर्म होता, कारण इराणी लोक अग्नीला देव मानतात आणि देवाला माणसाचं प्रेत देणं त्यांना मंजूर नाही. ज्यांना अग्नीत प्रेतसुद्धा चालत नाही, ते त्यात जिवंत माणूस टाकतील? याच कारणाने दोखमे, म्हणजे प्रेतं पक्ष्यांसाठी उघडी ठेवायचे मनोरे झाले, ते जिथे आहेत ती मुंबईतली डुंगरवाडी झाली. २०१५ साली वरळीच्या स्मशानभूमीत पारशांच्या सोयीचं प्रार्थनागृह झालं, काही जण आता दहन करतात, पण त्यावरून समाजात केवढा वाद झाला!

आंटींच्या घरी काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर तेल आणि त्यावर तरंगणारी वात असते. लहानपणी मी एकदा ती फुंकायला गेले तर त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "फूंक नई मारवानी, दीकरा." तोंडची वाफ, थुंकीचा कण अग्नीला लागू नये म्हणून. त्यांचे मोबेद, म्हणजे पुजारीही अग्नीपुढे तोंडाला पदान नावाचं पांढरं फडकं बांधतात. आणि अशा घराबद्दल आईला तो प्रश्न पडावा, तेही एका फॉरवर्डमुळे?

चिता शोधायचीच असेल तर इराणपर्यंत जायला नको. कॅथरांचं काय झालं ते बघा. तेही प्रकाश-अंधार असं द्वैत मानणारे, दक्षिण फ्रान्समधले. १६ मार्च १२४४ रोजी मोंसेगुर किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांच्यातल्या दोनशेहून जास्त जणांना पाखंडी म्हणून जिवंत जाळलं. द्वैत मानणारे तिथे जळाले. जाळणारे चर्चच्या बाजूचे होते.

बाकीचे मुद्दे भराभर घेते. 'ड्यून' कादंबरीतले फ्रेमेन हे वाळवंटी लोक म्हणजे मुसलमान, असं म्हटलंय. महदी, जिहाद हे शब्द सरळ अरबीतून उचललेत, ते नाकारता येत नाही. पण १९६५च्या त्या कादंबरीत त्यांचा पंथ झेनसुन्नी आहे, झेन बौद्ध आणि सुन्नी एकत्र. मग आरसा नक्की कुणाचा?

'नार्निया' पुस्तकांतला चार हातांचा, गिधाडाच्या डोक्याचा देव टॅश म्हणजे हिंदू देवांची टिंगल, हा तिसरा. टॅशच्या सावळ्या, पागोटेवाल्या भक्तांचं चित्रण मलाही खटकतं, ते लपवत नाही. पण त्यांचं राज्य बेतलंय अरबी-तुर्की गोष्टींवर. शिवाय १९५६च्या शेवटच्या पुस्तकात टॅशचा प्रामाणिक भक्त एमेथ अस्लानसमोर, म्हणजे नार्नियाच्या सिंहरूपी देवासमोर उभा राहतो, तेव्हा अस्लान त्याला सांगतो की तू टॅशची म्हणून केलेली सेवा मी माझीच मानतो. मेसेजवाल्यांनी हे का गाळलं?

आणि चौथा मुद्दा, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टॉल्किन नास्तिक होते म्हणून त्यांच्या गोष्टीत देवळं नाहीत? २ डिसेंबर १९५३च्या पत्रात त्यांनी रॉबर्ट मरे या जेझुइट (कॅथलिक संघातल्या) मित्राला स्वच्छ लिहिलंय की हे मुळातच धार्मिक आणि कॅथलिक पुस्तक आहे, आणि म्हणूनच त्यातले पंथ-पूजाविधींचे उल्लेख मी काढून टाकले.

आईला हिरोडोटसचा तो उतारा मराठीत वाचून दाखवला. तिने लगेच ग्रुपवर लिहिलं, "पहिला मुद्दा खोटा आहे, कृपया मेसेज काढा." अजून काढलेला नाही. उद्या सकाळी पुस्तक घेऊन मी पाठवणाऱ्यांच्या दारात जाणार आहे. आंटी त्याच ग्रुपवर आहेत, फक्त मराठी सावकाश वाचतात.