धर्माची गाय, तिचे दात आणि एक स्टार

वर्डप्रेसवर बनवलेल्या वेबसाइटला जास्तीची सोय जोडणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे प्लगिन. असं एक प्लगिन मी लिहून फुकट वाटतो. परवा रात्री ११.४० वाजता त्याला पाचपैकी एक स्टार पडला. शेरा दोनच शब्दांचा: ‘चालत नाही’. पुढे चार उद्गारचिन्हं. वर्डप्रेसची आवृत्ती कोणती, पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) कोणतं, काय केल्यावर चालेनासं झालं, स्क्रीनवर काय दिसलं, काही म्हणजे काही नाही. मी नम्रपणे विचारलं. उत्तर आलं, ‘ते शोधणं तुमचं काम आहे.’ म्हटलं, खरंच की. दोन रात्री जागून शोधलं. त्या गृहस्थांनी आदल्या दिवशी साइट वेगवान करणारं एक कॅशिंगचं प्लगिन बसवलं होतं आणि ते माझ्या प्लगिनची जावास्क्रिप्ट भलत्याच क्रमाने लोड करत होतं. त्याच्या सेटिंगमध्ये कुठली टिक काढायची, हेही मी स्क्रीनशॉटसकट लिहून पाठवलं. साइट सुरू झाली. आभारबिभार राहू द्या. स्टार अजून एकच आहे.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की फुकटचं प्लगिन वापरण्याचंही एक शास्त्र आहे आणि काही मंडळी त्यात भलतीच पुढे गेली आहेत. तुम्ही नवखे असाल तर मागे पडाल. म्हणून हा प्रपंच.

आधी ‘फुकट’ म्हणजे काय ते समजून घ्या. वर्डप्रेसच्या अधिकृत डिरेक्टरीतली प्लगिनं जीपीएल या मुक्त परवान्याखाली किंवा त्याच्याशी जुळणाऱ्या परवान्याखाली असतात. म्हणजे कोड वापरा, उघडून बघा, बदला, वाटा. त्याच परवान्यात ‘कसलीही हमी नाही’ हे कॅपिटल अक्षरांत अक्षरशः ओरडून लिहिलेलं आहे. तो भाग वकिलांसाठी, तुमच्यासाठी नव्हे. तुम्ही असं धरून चाला, की कोडबरोबर तो लिहिणारा माणूसही पदरात पडला आहे, रविवारसकट.

बॅकअप घेऊ नका. लेखकाला वाईट वाटेल.

अपडेट नेहमी चालू साइटवरच करा, तेही भर विक्रीच्या दिवशी. स्टेजिंग साइट, म्हणजे चाचणीपुरती वेगळी प्रत, वगैरे भित्र्या लोकांचे चाळे.

पैशांचा विषय निघाला की दुसरीकडे बघा. प्लगिनच्या रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये देणगीच्या लिंकसाठी एका ओळीची सोय असते. ती शोभेची. माझ्या आठ वर्षांत त्या ओळीने जे काही आणलं, त्यात डोमेनचं एका वर्षाचं भाडं जेमतेम सुटलं असतं. पण मी तक्रार करणारा कोण? अर्ध्या जगाच्या वेबसाइटची कुलपं ज्या ओपनएसएसएल नावाच्या फुकट कोडवर चालत होती, तो सांभाळणाऱ्यांना वर्षाला सुमारे २,००० डॉलर देणगी येत असे. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं, तेव्हा कुठे मोठमोठ्या कंपन्यांना खिशात हात घालायची आठवण झाली. तेव्हा तुम्हीही भगदाडाची वाट बघा. घाई कशाला?

आणि लेखकाने कधी डॅशबोर्डवर एका ओळीत ‘प्लगिन उपयोगी वाटलं तर मदत करा’ असं लिहिलंच, तर त्याला तिथल्या तिथे ठेचा: ‘जाहिरातबाजी’, एक स्टार. त्याने जास्तीच्या सोयींची पैसेवाली आवृत्ती काढली, तर ‘हावरट’, एक स्टार. दोन्ही केलं नाही आणि बिचारा पोटापाण्याच्या नोकरीत गुंतून गप्प बसला, तर ‘बेवारस सोडून पळाला’. स्टार किती, ते आता तुमचं तुम्हाला कळलं असेल.

आता मुख्य धडा: कुठलीही मागणी ‘दोन मिनिटांचं काम आहे’ या शब्दांनी सुरू करावी. प्लगिन एकदा लिहिलं की झालं, असा तुमचा समज असेल तर तो जपा, कारण खरी गोष्ट फार कंटाळवाणी आहे. कोड जागच्या जागी असतो, खालची जमीन सरकते. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० आलं, मजकूर ठोकळ्याठोकळ्यांनी रचायचा नवा ब्लॉक एडिटर आला. ज्यांचं शॉर्टकोडवर, म्हणजे चौकटी कंसातल्या जुन्या खुणांवर, उत्तम चाललं होतं तेही विचारू लागले, ‘ब्लॉक कधी देताय?’ ऑगस्ट २०२० मध्ये ५.५ आलं आणि जेक्वेरी मायग्रेट, म्हणजे जुनी जावास्क्रिप्ट चालती ठेवणारा टेकू, आपोआप लोड होणं बंद झालं. जगभरच्या साइटवरचे स्लायडर जागेवर थिजले, मेनू उघडेनात. शिव्या कुणाला? स्लायडरवाल्याला. त्याच वर्षी नोव्हेंबरात पीएचपी ८.० आलं. जुने काही फंक्शन त्यातून कायमचे गेले, आणि जिथे पूर्वी नुसती वॉर्निंग येऊन भागायचं तिथे आता पांढरी स्क्रीन. तीन-तीन पीएचपी, चार-पाच वर्डप्रेस, वर तुमची थीम, जिच्या लेखकाने रंगरूपाची (सीएसएसची) प्रत्येक ओळ ‘इम्पॉर्टंट’, म्हणजे दुसऱ्या कुणाचं चालू न देणारी, केलेली आहे. हे सगळं एकमेकांशी लावून बघायचं, रात्री जेवणं झाल्यावर, घरच्यांचे टोमणे ऐकत. एवढं करून कोडमध्ये काहीच बदलावं लागलं नाही, तरी रीडमीतला ‘अमुक आवृत्तीपर्यंत तपासलेलं’ हा आकडा वाढवावा लागतो. तो राहिला, तर तीन मोठ्या आवृत्त्यांनंतर प्लगिनच्या पानावर इशारा झळकतो, आणि मग तुम्ही येता: ‘मेलं का हे?’ अहो, तुमच्याच साइटवर ते त्या क्षणी चालू आहे! त्यातूनच आलेला फॉर्म भरून तुम्ही मला विचारताय, मेलं का!

दोन मिनिटं म्हणे. त्यांच्याकडे दोन मिनिटं होती ना? मग स्वतः का नाही केलं? कोड तर उघडाच आहे.

असो. उपरोध सुटू लागला, पुन्हा सल्ल्याकडे वळतो.

लेखक थकला तर काळजी नको. थकलेल्या प्लगिनला गिऱ्हाईक लगेच मिळतं. ‘तुमचं प्लगिन विकत घेऊ इच्छितो’ अशा मेल आम्हाला नेमाने येतात, आणि देणगीच्या लिंकपेक्षा ही मंडळी कितीतरी दिलदार असतात. डिस्प्ले विजेट्स हे २ लाख साइटवर चालणारं प्लगिन २०१७ मध्ये १५,००० डॉलरला विकलं गेलं. नव्या मालकाने त्यात असं काही घातलं, की वापरणाऱ्यांच्याच साइटवर त्याच्या जाहिरातींची पानं उगवू लागली. डिरेक्टरीतून ते काढलं, परत आलं, पुन्हा काढलं, असं करत सप्टेंबरात एकदाचं गेलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कॅप्चा नावाच्या, ३ लाख साइटवरच्या प्लगिनची तीच कथा: हात बदलला आणि आत चोरदरवाजा. हे दोन्ही लोकांच्या साइटवर कसं पोचलं? तुम्ही विश्वासाने दाबता त्या अपडेटच्या बटणातून.

आणि त्याहून जिवाला लागलेली गोष्ट २०२४ च्या मार्चमधली. एक्सझेड हे काही प्लगिन नव्हे, पण जात तीच: लिनक्समध्ये ठिकठिकाणी वापरली जाणारी एक छोटी वस्तू आणि ती सांभाळणारा जवळजवळ एकटा, थकलेला माणूस. त्याच्यामागे अनोळखी लोकांनी तगादा लावला: कामं का रखडली, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. मग एक मदतीचा हात आला. तो दोन वर्षं सज्जनपणे राबला आणि शेवटी त्यानेच चोरदरवाजा बसवला. एका इंजिनिअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय अशी शंका आली, म्हणून जग वाचलं. तगादा लावणारी ती नावं बहुधा बनावट होती. मी ते मेल वाचलेत. भाषा डिट्टो माझ्या इनबॉक्समधली. फरक इतकाच, की माझ्या इनबॉक्समधली माणसं खरी आहेत.

आता सोंग पुरे झालं. सरळ बोलतो.

तुम्ही क्लायंटला साइटचं बिल लावता, तेव्हा होस्टिंगची ओळ असते, डोमेनची असते, थीमची असते, फोटोंची असते, तुमच्या ‘सल्लामसलती’ची तर असतेच. ज्या चौदा फुकट प्लगिनांवर ती साइट उभी आहे, त्यांची ओळ कुठे असते? धर्माची गाय आणि दात का गं नाय, ही म्हण तुम्ही लहानपणी शिकला असाल. तुम्ही दात मोजून थांबत नाही, गाय रात्री-बेरात्री उठत का नाही म्हणून तिला काठी मारता. पैसे नसतील तर नका देऊ, खरंच नका देऊ. पण आवृत्ती लिहा. एरर चिकटवा. बाकीची प्लगिनं बंद करून एकदा बघा, मग आरोप करा. दुसऱ्या कुणाच्या प्रश्नाचं उत्तर माहीत असेल तर चार ओळी लिहा. मराठी भाषांतरातल्या दहा ओळी पुऱ्या करा. आणि माणसाशी बोलताय, तर माणसासारखं बोला. मी तुमचा नोकर नाही, आणि नोकराशीसुद्धा असं बोलत नाहीत.

आणि ११.४० वाले साहेब, तुमची साइट मी आत्ताच उघडून पाहिली. छान चालली आहे. दिलेला शेरा मागाहून दुरुस्त करता येतो, स्टारही बदलता येतात. त्याला मात्र खरोखरच दोन मिनिटं लागतात.