जोसलिन बेल आणि नखाएवढा ओरखडा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर,

स्वतःची ओळख तुम्ही 'निवृत्त प्राध्यापक, चौदा जणांचा गाईड' अशी दिलीत, म्हणून सर म्हणते. रागाच्या भरात लिहायचं नव्हतं, म्हणून दोन दिवस थांबले.

केंब्रिजमध्ये पीएचडी करताना जोसलिन बेल यांना पल्सार, म्हणजे नियमित रेडिओ-स्पंद पाठवणारे तारे, पहिल्यांदा दिसले; नोबेल मात्र त्यांचे गाईड अँटनी ह्युइश यांना मिळालं. त्यावरच्या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं : रेडिओ दुर्बीण ह्युइश यांची, विषय त्यांचा, पैसाही त्यांनी उभा केलेला. बेल नुसत्या कागद बघायला बसल्या होत्या, त्यांच्या जागी कुणीही असतं तरी पल्सार सापडलेच असते. त्यांची स्वतःची तक्रार नाही, मग 'श्रेय चोरलं' म्हणणाऱ्या तुम्ही कोण? शिवाय आपल्याकडची उदाहरणं संपली का? आणि असल्या लेखांनी पीएचडीची पोरं डोक्यावर चढून बसतात.

आधी माझी चूक. 'चोरलं' हा शब्द मी लेखातून काढला आहे. १९६८ च्या फेब्रुवारीत 'नेचर'मध्ये शोधनिबंध आला त्यावर पाच नावं होती आणि ह्युइश यांच्या लगेच नंतर बेल यांचं होतं. चोरी करणारा माणूस असं नाव घालत नाही. दुर्बिणीची कल्पना ह्युइश यांची होती, आणि हे स्पंद एखाद्या ग्रहावरून येत नाहीत ना, याची तपासणीही त्यांनीच केली. हे मी लिहायला हवं होतं.

पण 'कुणीही असतं तरी' हे मला मुळीच मान्य नाही.

बेल १९६५ मध्ये केंब्रिजला आल्या आणि पहिली दोन वर्षं त्या दुर्बीण उभारण्यात होत्या. साडेचार एकर जागा, हजारावर खांब, दोन हजारांवर अँटेना, १२० मैल तारा. हातात घण घेऊन खांब ठोकणाऱ्या चार-पाच जणांत त्या होत्या. जुलै १९६७ मध्ये दुर्बीण सुरू झाली, ती चालवायची आणि रीडिंग तपासायची जबाबदारी एकट्या बेल यांच्यावर. आलेल्या सिग्नलची रेघ पेनाने काढलेला ९६ फूट कागद रोज बाहेर पडायचा. हे काम कॉम्प्युटरकडे द्यायचं नाही असं मुद्दाम ठरलं होतं, कारण वेगवेगळ्या प्रकारचे सिग्नल माणसाच्या डोळ्याला जसे ओळखता येतात तसे कॉम्प्युटरला शिकवणं तेव्हा अवघड होतं. म्हणजे त्या प्रयोगात बेल यांचे डोळे हेच उपकरण होतं, सर.

त्या मैलभर कागदात नखाएवढा एक ओरखडा दिसला. तो क्वेसारच्या, म्हणजे अतिदूरच्या प्रखर रेडिओ-स्रोतांच्या, लुकलुकण्यासारखा नव्हता आणि माणसांच्या यंत्रांमुळे येतो त्या खरखरीसारखाही नव्हता. दुसरं कुणी त्यावर प्रश्नचिन्ह टाकून पुढे गेलं असतं. बेल यांना आठवलं की हे आपण आधीही पाहिलंय, आकाशाच्या याच भागातून. त्या मागचे कागद काढून बसल्या. ओरखडा ताऱ्यांची वेळ पाळत होता, म्हणजे रोज चार मिनिटं आधी येत होता. मग जास्त वेगाने कागद फिरवून रेकॉर्डिंग घ्यायचं ठरलं, तर सिग्नलच गायब. त्या कित्येक आठवडे रोज वेधशाळेत जात राहिल्या. अखेर २८ नोव्हेंबरला पेनाने समान अंतरावर टोकं काढायला सुरुवात केली, दर १.३३ सेकंदांनी एक. फोनवर ह्युइश म्हणाले, हे मानवनिर्मितच असणार. दुसऱ्या दिवशी ते स्वतः येऊन बघून गेले. यात गाईडची चूक मी काढत नाही. इतक्या वेगाने काही ताऱ्याकडून येईल हे तेव्हा कुणाच्याच गावी नव्हतं.

आणि २१ डिसेंबरची रात्र? सुट्टीसाठी घरी जायच्या आदल्या दिवशी बेल यांना कागदावर आकाशाच्या दुसऱ्याच भागात तसलाच ओरखडा दिसला. तो भाग पहाटे दुर्बिणीसमोर येणार होता. कडाक्याच्या थंडीत त्या वेधशाळेत पोचल्या तर यंत्रणा नीट चालेना. त्यांनी बटणं खालीवर केली, शिव्या घातल्या, तोंडाची वाफ दिली, तेव्हा कुठे यंत्रणा पाच मिनिटं धड चालली. त्या पाच मिनिटांत १.२ सेकंदांचे स्पंद मिळाले. आकाशाच्या दोन टोकांवरून परग्रहवासी एकाच वेळी आपल्याला हाका मारतील हे संभवत नाही, म्हणून 'हे परग्रहवासीयांचे सिग्नल तर नव्हेत?' ही शंका त्या रात्रीच बरीचशी मिटली. हे 'नुसतं कागद बघणं' कसं?

तक्रारीबद्दल. संशोधक विद्यार्थ्यांना, अगदीच अपवाद सोडला तर, नोबेल देऊ नये आणि आपलं काम तसा अपवाद नाही, असं बेल स्वतः म्हणाल्या आहेत. हा त्यांचा मोठेपणा. पण ह्युइश आणि त्यांचे केंब्रिजमधलेच सहकारी मार्टिन रायल यांना १९७४ मध्ये नोबेल मिळालं, त्याच्या आदल्याच वर्षी ब्रायन जोसेफसन यांना मिळालं होतं, तेही त्याच केंब्रिजमध्ये १९६२ साली वयाच्या २२ व्या वर्षी विद्यार्थी म्हणून केलेल्या कामासाठी. तेव्हा 'विषय गाईडचा होता' हा मुद्दा आड आला नाही. डीएनएची रचना उलगडली तेव्हा क्रिकसुद्धा ३६ वर्षांचे पीएचडीचे विद्यार्थीच होते. मग नियम नक्की कोणता?

आपल्याकडच्या उदाहरणांसाठीही केंब्रिज सोडायला नको. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या तेव्हा 'बाई' म्हणून सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला होता. हट्टाने तो मिळवून त्या पुढे केंब्रिजला गेल्या आणि रॉबिन हिल यांच्याकडे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी (पेशींच्या श्वसनातलं एक प्रथिन) असतं हे त्यांनी दाखवलं. प्रबंध जेमतेम ४० पानांचा, पदवी १९३९ ची. आणि नारळीकर! १९६३ मध्ये फ्रेड हॉईल यांच्याकडे पीएचडी झाली आणि पुढच्याच वर्षी मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त आजही हॉईल-नारळीकर अशा जोडनावानेच ओळखला जातो. गाईडचं नाव पुढे, विद्यार्थ्याचं शेजारी, आणि हॉईल त्याने लहान झाले नाहीत. बेल यांना नोबेलमधून वगळल्यावर जाहीर आवाज उठवणारेही हेच हॉईल.

हे मला इतकं का लागतं ते सांगते. एमएस्सीनंतर माझी एक मैत्रीण एका लॅबमध्ये काम करत होती. एक रीडिंग सारखं वर जायचं. 'इन्स्ट्रुमेंटचा प्रॉब्लेम आहे' असं तिला सांगण्यात आलं. तिने तीन आठवडे रोज सकाळी तेच रीडिंग पुन्हा घेतलं आणि वहीत निळ्या शाईने तारीखवार लिहून ठेवलं. प्रॉब्लेम इन्स्ट्रुमेंटचा नव्हता. पेपर आला तेव्हा तिचं नाव आभारात होतं, तेही आडनाव चुकवून. तिने पीएचडीला नाव घातलंच नाही. ती वही मी पाहिली आहे.

डोक्यावर चढणारी पोरं मला फार भेटलेली नाहीत, सर. सिनॉप्सिससाठी सहीची वाट बघत व्हरांड्यात उभी असलेली मात्र पुष्कळ भेटली.

तुमच्या चौदा जणांपैकी कुणी ना कुणी एखाद्या संध्याकाळी वही घेऊन आलं असेल आणि 'सर, हे काहीतरी वेगळं येतंय' म्हणालं असेल. त्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर, तो प्रसंग लिहून पाठवा. काय दिसलं होतं, तुम्ही काय म्हणालात, पुढे काय निघालं, सगळं. पुढचा लेख मी त्यावरच करीन आणि वर दोघांचीही नावं घालीन.