पहिला व्हेंटिलेटर फॉरेस्ट बर्ड यांचा नव्हे

आमच्या राजेंद्र नगरातल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. पुण्याच्या नातेवाइकांकडूनही तोच आला. मजकूर थोडक्यात असा: ‘१९५८ साली फॉरेस्ट बर्ड या अमेरिकन वैमानिकाने जगातला पहिला व्हेंटिलेटर बनवला. त्याआधी श्वास थांबला की माणूस गेलाच. बर्डने एकट्याने केकचे डबे आणि दाराची मूठ जोडून हे यंत्र तयार केले. त्याच्या लहान मुलांच्या यंत्रामुळे बालमृत्यू ७० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. आज आयसीयूत दिसतो तो त्याचाच व्हेंटिलेटर.’

इंदूरमध्ये आयसीयूत सिस्टर म्हणून माझी सारी नोकरी झाली. बर्ड यांचं यंत्र मी स्वतः चालवलं आहे आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण मेसेजमधली बरीच विधानं चुकीची आहेत, आणि त्या चुकांत कितीतरी माणसांचं काम पुसलं जातं.

‘जगातला पहिला’ हे तर सरळ खोटं. १९०७ साली जर्मनीत हाइनरिख ड्रेगर यांनी ‘पुलमोटर’ केलं होतं. ऑक्सिजनच्या दाबावर चालून बेशुद्ध माणसाच्या फुप्फुसात हवा भरणारं, सोबत नेता येणारं यंत्र. १९२८ साली हार्वर्डच्या फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी लोखंडी फुप्फुस तयार केलं. डोकं बाहेर, बाकी सगळं शरीर पत्र्याच्या पिंपात, आणि पिंपातली हवा खेचली की छाती फुगते. त्याच वर्षी बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात पोलिओ झालेल्या आठ वर्षांच्या मुलीला त्यात ठेवलं. १९३१ साली जॉन एमर्सन यांनी त्याची स्वस्त आवृत्ती काढली. ऑस्ट्रेलियात बोथ बंधूंनी प्लायवूडची केली. यावर कुणी म्हणेल, ते पिंप झालं, नळीतून हवा देणारं खरं व्हेंटिलेटर बर्डचंच पहिलं. तेही नाही. स्वीडनच्या कार्ल गुनार एंगस्ट्रोम यांचं, ठरलेल्या मापाची हवा नळीतून देणारं यंत्र १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच पोलिओच्या पेशंटना लागलं होतं.

‘त्याआधी श्वास थांबला की माणूस गेलाच.’ या वाक्याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेग्डाम रुग्णालयात रोज नवे पेशंट येत होते आणि श्वासाला आधार देणारी यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. श्वसनाच्या स्नायूंवर किंवा गिळण्यावर परिणाम झालेल्या पहिल्या ३१ पेशंटपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं गेलं. ऑपरेशन थिएटरात आम्ही भूल दिलेल्या पेशंटला जसं पिशवी दाबून श्वास देतो, तसाच इथे द्या, असं त्यांचं म्हणणं. २७ ऑगस्टला मरणाच्या दारात असलेल्या १२ वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली, रबरी पिशवी जोडली आणि हाताने दाबायला सुरुवात केली. मुलगी वाचली. मग वैद्यकीय कॉलेजचे सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहूनही खाली आलं. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी कोपनहेगनमध्ये जो वॉर्ड सुरू केला, त्यातूनच आजची आयसीयू आली.

पिशवी दाबणं म्हणजे काय, हे ज्याने केलं त्यालाच कळतं. वीज गेली किंवा व्हेंटिलेटर रिकामा नसला की आम्हीही अंबू बॅग हातात घ्यायचो. थोड्याच वेळात अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. तरी नजर पेशंटच्या छातीवरच ठेवायची, दोन्ही बाजू सारख्या उचलल्या जातात का ते बघायचं, आणि घाई करायची नाही. जिल्ह्याजिल्ह्यातल्या छोट्या दवाखान्यांत कितीतरी भावांनी, मुलांनी हे रात्र रात्र केलं आहे. त्या सगळ्यांना ‘उपायच नव्हता’ म्हणून कसं खोडून टाकायचं?

डबे आणि मूठ ही गोष्ट मात्र खरी आहे, सुरुवातीचा नमुना त्यांनी तसाच जुळवला होता. ‘एकट्याने’ हा शब्द तेवढा काढा. दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या वैमानिकांना ऑक्सिजन कसा पुरवायचा यावर बरेच जण झटत होते. बर्ड यांचं डोकं त्यातूनच या दिशेने वळलं. त्याच काळात, त्याच प्रश्नातून रे बेनेट यांनीही आपला व्हॉल्व्ह काढला, आणि बेनेटची यंत्रं बर्डच्या यंत्रांइतकीच नावाजली.

आता बाळांचं. ७० वरून १० हा आकडा सांगितला जातो तो श्वास घेता न येणाऱ्या नवजात बाळांबद्दल. सगळ्या बालमृत्यूंबद्दल नाही. फरक प्रचंड आहे. शिवाय ‘बेबीबर्ड’, म्हणजे बर्ड यांचं बाळांसाठीचं यंत्र, आलं १९७०च्या सुमारास. ऑगस्ट १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि फुप्फुसं तयार नसल्याने दोन दिवसांत गेला. मोठ्या माणसांसाठीचं बर्ड यंत्र तेव्हा बाजारात होतं, पण ते अशा बाळांसाठी बनवलेलं नव्हतं. बाळांच्या फुप्फुसात कोणता पदार्थ कमी पडतो हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवलं होतं. जॉर्ज ग्रेगरी यांनी १९७१ साली बाळाच्या श्वासमार्गात सतत थोडा दाब ठेवण्याची पद्धत मांडली, आणि तो पदार्थ बाहेरून देणं १९८० साली फुजिवारा यांनी करून दाखवलं. बेबीबर्डचा वाटा मोठा आहेच, पण त्या रांगेत ही माणसंही उभी आहेत.

शेवटचं, ‘आजचा तोच व्हेंटिलेटर’. बर्ड मार्क ७ ही हिरव्या पारदर्शक बाजूंची छोटी पेटी, एका हाताने उचलावी एवढी. वीज लागत नाही. सिलिंडरचा दाब पुरतो. आत एक सरकती पट्टी आणि दोन लोहचुंबक. पेशंटने जरा श्वास ओढला की पट्टी सुटते, हवा आत जाते. ठरवलेला दाब झाला की खट्‌ करून उलटी सरकते आणि हवा बंद. बर्ड यांचं खरं मोठेपण या साधेपणात आहे. श्वास देणारं यंत्र त्यांनी पेशंटच्या उशाशी मावेल एवढं छोटं केलं.

पण ही पेटी दाब ओळखते, हवेचं माप ओळखत नाही. नळीत कफ अडकला की दाब लगेच चढतो, पेटी खट्‌खट्‌ भराभर करू लागते, आणि फुप्फुसात हवा जेमतेम जाते. पेटीच्या दृष्टीने सगळं ठीक असतं. आवाजाची लय बदलली की आम्ही धावायचो, आधी सक्शन, म्हणजे नळीतला कफ ओढून काढणं, मग स्टेथोस्कोप. आजच्या व्हेंटिलेटरात संगणक प्रत्येक श्वासाची हवा मोजतो आणि कमी पडली तर अलार्म देतो. त्या काळी तो अलार्म म्हणजे ड्यूटीवरच्या सिस्टरचे कान.