घर दाखवा, विकू नका

घर विकायला काढलं की लोक बघायला येणारच, त्याला इलाज नाही. पण आलेल्या प्रत्येकाने ते घेतलंच पाहिजे अशी कुठे सक्ती आहे? थोडी आधीपासून तयारी ठेवली तर माणूस दहा मिनिटांत ‘घरी बोलून कळवतो’ म्हणतो आणि जिना उतरता उतरता पुढच्या घरमालकाला फोन लावतो. ज्यांना आपलं घर वर्षानुवर्षं ‘विकणे आहे’ याच अवस्थेत सुखरूप ठेवायचं आहे, त्यांच्यासाठी ही तयारी.

आधी गिऱ्हाईक विचार कसा करतं ते समजून घ्या. भिंतीतले पाइप, स्लॅबमधल्या सळ्या, गिलाव्याखालच्या वायरी यातलं त्याला काहीच दिसत नाही. त्याला दिसतो गळका नळ. ज्याने एवढासा वॉशर बदलला नाही त्याने न दिसणाऱ्या गोष्टींकडे किती लक्ष दिलं असेल, हा हिशोब तो मनातल्या मनात करतो आणि तिथेच तुमचं काम होतं. म्हणून नळाला हात लावू नका. सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसाला २० लिटरच्या आसपास पाणी जातं, पण ते जाऊ द्या. बेसिनमध्ये त्याचा जो तपकिरी ओघळ उमटतो तो कुठल्याही दलालाच्या भाषणापेक्षा बोलका असतो.

सुरुवात दारापासूनच करावी. कुलपात किल्ली अडकत असेल तर त्यात साधं तेल सोडा. तेलावर धूळ बसते, आतल्या पिना चिकट होतात आणि आठवडाभरात किल्ली पहिल्यापेक्षा जास्त अडकते. (ग्राफाइटची पूड घातली तर कुलूप मोकळं होईल, ते टाळा.) मग पाहुणे मागे ताटकळत असताना तुम्ही ‘जरा वर उचलून, आपल्याकडे ओढून, मग फिरवावी लागते’ असं समजावून सांगा. दार उघडताना खाली घासलं आणि फरशीवर त्याची चंद्रकोर उमटलेली असली तर उत्तमच. ढिल्या बिजागरीचे वरचे दोन स्क्रू पिळले की ते बऱ्याचदा थांबतं. तेवढा मोह आवरा.

वासाच्या बाबतीत निसर्गच तुमच्या बाजूने आहे. रोज त्याच घरात राहणाऱ्याचं नाक तिथल्या वासाला सरावतं, त्यामुळे सिगारेट, कुत्रा, दमट गादी, बंद कपाट यातलं काहीही तुम्हाला जाणवत नाही. बाहेरून येणाऱ्याला दारातच जाणवतं. त्रयस्थ माणसाला बोलावून ‘खरं सांग, वास येतो का’ असं चुकूनही विचारू नका. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये तर काहीच न करता काम होतं. मोरीच्या जाळीखाली जो ट्रॅप असतो त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी साचलेलं असतं आणि तेच गटाराचा वास अडवतं. बाथरूम काही आठवडे वापरलं नाही की हे पाणी उडून जातं, वाट मोकळी होते, वासाबरोबर झुरळंही वर येतात. मग घर बघायला आलेला माणूस ड्रेनेज लाइन फुटली आहे असं समजून परत जातो. एक तांब्या पाणी ओतलं असतं तर भागलं असतं, हे त्याला कोण सांगणार? वर रूम फ्रेशनरचा अर्धा डबा फवारा. लपवायला काहीतरी आहे, याची त्याची खात्री पटते.

आता ओल. हा विषय घाईत उरकण्यासारखा नाही.

ओल आली तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं, ते बंद करायचं, भिंत वाळू द्यायची आणि मग रंग काढायचा, असा कंटाळवाणा क्रम जाणकार सांगतात. ९ इंची विटांची भिंत आतून वाळायला महिने लागतात, आणि तुमच्याकडे रविवारी लोक येणार आहेत. तेव्हा शनिवारी रंगाऱ्याला बोलावून तेवढाच एक चौकोन रंगवून घ्या. चार भिंतींपैकी एकाच भिंतीवर, तेही कोपऱ्यात, ताजा रंग दिसला की गिऱ्हाइकाची नजर थेट तिकडे जाते. एरवी कदाचित ती भिंत त्याने पाहिलीही नसती. छतावरच्या पिवळ्या डागावर नेहमीचा पाण्यातला रंग मारा. डाग पाण्यात विरघळणारा असतो, त्यामुळे तो ओल्या रंगातून झिरपून पुन्हा वर येतो, बहुतेक वेळा आधीपेक्षा ठसठशीत कडा घेऊन. डाग अडवणारा प्रायमर मिळतो, पण तो मारला तर डाग दिसणार नाही, मग इतक्या खटाटोपाचा उपयोग काय? भिंत ओली असतानाच वर चकचकीत ऑइल पेंट दिला तर आणखी बहार. आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, रंगाला फुगे येतात आणि बोट लावलं की पोपडा हातात येतो.

हुशार गिऱ्हाईक मात्र तुमच्या रंगाला भुलत नाही. ते मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरतं. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या भिंतीवर त्या तिरक्या उजेडात पुट्टीचा प्रत्येक थर, प्रत्येक फुगवटा, पाट्याची प्रत्येक रेघ सावलीसकट उठून दिसते. मग तो खाली वाकतो. स्कर्टिंगच्या वर पिठासारखी पांढरी पूड असेल तर ती चिमटीत घेऊन चोळतो. विटा-सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात आणि पाणी उडालं की मागे राहतात, हे त्याला माहीत असतं. ओल खालून साधारण मीटरभर चढून थांबली असेल तर ती जमिनीतली, वरच्या कोपऱ्यात असेल तर गच्चीची, बाथरूमच्या मागच्या भिंतीवर असेल तर टाइल्सच्या सांध्यांतली किंवा पाइपची, एवढं त्याला तिथल्या तिथे कळतं. अशा वेळी ‘छे, ती ओल नाही, तो रंगच तसा आहे’ असं ठामपणे म्हणा. घरापेक्षा तुमच्यावरचा विश्वास आधी उडाला की पुढचं बोलणंच खुंटतं.

भेगांचंही तसंच. गिलावा वाळताना पडणाऱ्या केसासारख्या बारीक रेघा निरुपद्रवी असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, काही मिलिमीटर रुंद, एक कड दुसरीपेक्षा पुढे आलेली भेग मात्र इंजिनिअरला दाखवावी लागते. तुम्ही दोन्हीत भेदभाव करू नका. सगळ्यांवर सारखी पुट्टी फासा. कॉलम आणि विटांची भिंत तापमानाने कमीजास्त हलतात, त्यामुळे त्यांच्या सांध्यावरची कडक पुट्टी काही दिवसांत त्याच रेषेत पुन्हा फुटते आणि निरुपद्रवी भेगसुद्धा गुन्हा केल्यासारखी दिसू लागते. भेगेवर फोटोची फ्रेम टांगायचीच असेल तर ती गुडघ्याएवढ्या उंचीवर टांगा.

बाथरूमच्या कडेचं सिलिकॉन काळं पडलं असेल तर त्यावरच नव्या सिलिकॉनचा थर द्या. जुन्यावर नवं धरत नाही, बुरशी आतच राहते आणि काळ्यावर पांढरं असा दुपदरी काठ तयार होतो. ब्लेडने जुनं खरवडून, जागा कोरडी करून, नवं भरून दिवसभर पाणी न लावणं हा मार्ग ज्यांना घर विकायची घाई आहे त्यांच्यासाठी आहे. लोक यायच्या पाच मिनिटं आधी बाथरूम धुऊन फरशी ओली ठेवावी, म्हणजे मोजे भिजतात. लोकांना कोरडं बाथरूम आवडतं.

लोकांना उजेडही आवडतो, फार आवडतो, त्यामुळे तिथे चूक परवडणार नाही. जाड पडदे ओढा, काचा पुसू नका, आणि घरात सर्वांत कमी ऊन येतं ती वेळ भेटीसाठी द्या. दिव्यांत एकाच खोलीत २७०० केल्विनचा पिवळा बल्ब आणि ६५०० केल्विनचा निळसर पांढरा बल्ब शेजारी शेजारी लावा. एकाच भिंतीचे दोन रंग दिसतात आणि बघणाऱ्याला कारण न कळता अस्वस्थ वाटतं.

फोटोंचं काम मात्र उलट दिशेने करायचं. फोनमधल्या ०.५ लिहिलेल्या लेन्सने, कोपऱ्याला पाठ लावून फोटो काढा. खोली सभागृहाएवढी दिसते, कडेची खुर्ची ताणून कोच होते. एवढ्या अपेक्षेने आलेला माणूस दारात उभा राहिला की तुमचं चांगलं मोकळं घरही त्याच्या डोळ्यांदेखत आक्रसतं. साध्या लेन्सने, छातीच्या उंचीवरून, फोन सरळ धरून काढलेला फोटो पाहून तो आला असता तर त्याला घर फोटोपेक्षा बरं वाटलं असतं. हा धोका पत्करू नये. कमोडचं झाकण उघडं असावं आणि आरशात फोन धरलेले तुम्ही असावेत.

सामानाबद्दल फार सांगायला नको, ते तुम्हाला येतंच. दोन गोष्टी तेवढ्या लक्षात ठेवा. मोकळेपणी चालायला ९० सेंटिमीटरची वाट लागते, ती ४५ वर आणा, म्हणजे नवरा-बायको एकामागून एक, आडवे होऊन घर बघतात. आणि प्रत्येक कपाट इतकं ठासून भरा की दार उघडताच काहीतरी अंगावर येईल. लोक कपाटं उघडून बघतातच. अर्धं रिकामं कपाट पाहिलं की त्यांना वाटतं घरात जागा भरपूर आहे. ओसंडणारं पाहिलं की वाटतं, यांनाच पुरत नाही तर आपल्याला काय पुरणार.

एवढं सगळं जमलं नाही तरी बिघडत नाही, कारण तुम्ही स्वतः आहात. घर बघणाऱ्यांना एकटं सोडू नका. पलंग कुठे लावायचा, आईची खोली कोणती, या गोष्टी लोक एकमेकांशी मालक जवळ नसतानाच बोलतात, आणि त्या बोलण्यातच घर त्यांचं व्हायला लागतं. तेव्हा सावलीसारखे मागे राहा. ‘ही खिडकी’, ‘हा बेसिन’, ‘इथून आत गेलं की आतली खोली’ अशी माहिती अखंड पुरवा. त्यांनी खिडकी उघडली तर रस्त्याचा आवाज ऐकू येईल, म्हणून टीव्ही मोठ्याने लावा. ते टीव्ही बंद करायला सांगतील, मग खिडकी उघडतील आणि दुप्पट लक्ष देऊन ऐकतील. शॉवर, बेसिनचा नळ आणि फ्लश एकदम सुरू करून ते पाण्याचा दाब तपासायला लागले तर ‘नेमकं आज पाणी कमी आहे’ म्हणा. वीजबोर्डाचं झाकण उघडून त्यांनी गळतीच्या विजेपासून वाचवणाऱ्या ३० मिलीअँपिअरच्या स्विचचं टेस्ट बटण दाबायला बोट पुढे केलं तर ‘अहो, दाबू नका, सगळी लाइट जाते’ असं ओरडा. लाइट जायलाच हवी असते, न गेली तर तो स्विच बिघडलेला, पण तुमच्या ओरडण्याने तपासणी तिथेच थांबेल.

घर का विकताय, हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर घरातल्या प्रत्येकाने वेगळं द्यावं.

एखाद्याने खिशातून मोजायची टेप काढली की समजा, प्रकरण गंभीर झालंय. फ्रिजचा कोनाडा किंवा खिडकीखालची भिंत मोजणारा माणूस मनाने राहायला आलेला असतो. त्याला लगेच किमतीकडे वळवा. किंमत ठरवताना आजूबाजूची तशीच घरं प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते पाहू नका. तुम्ही फॉल्स सीलिंग, नक्षीदार कॉलम आणि दोन बेडरूम पाडून केलेला एक मोठा हॉल यांवर किती उडवले ते आठवा आणि तो सगळा खर्च त्यात मिळवा. समोरच्याला दोन बेडरूमच हव्या असल्यामुळे तो भिंत पुन्हा उभी करायचा खर्च मनात वजा करत असतो. शिवाय पाडलेली भिंत भार घेणारी होती का, हे विचारील, तेव्हा हसा. मग दर पंधरवड्याला किंमत थोडीशी उतरवत राहा. एकदाच नीट उतरवली तर लोक धावत येतात, थोडी थोडी उतरवली तर पुढच्या उताराची वाट बघत बसतात. कागदपत्रं मागितली तर झेरॉक्सची झेरॉक्स दाखवा आणि मूळ कागद ‘आहेत, कुठे जातायत’ एवढंच सांगा.

इतकं करूनही काही चिवट माणसं दुसऱ्यांदा येतात. येताना वडीलधाऱ्यांना, ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन येतात, तेही मुद्दाम पावसात किंवा रात्री. मिस्त्री फरशीवर नाणं वाजवत फिरतो, टाइल कुठे पोकळ वाजते ते ऐकतो, सिंकखालचं कपाट उघडून पाइपच्या जोडावरून बोट फिरवतो आणि बोट ओलं का कोरडं ते बघून मान हलवतो. मान होकाराची असली आणि विसार द्यायची भाषा सुरू झाली, तरी घाबरून जायचं कारण नाही. आता शांतपणे सांगा की पंखे, गिझर, भिंतीतली कपाटं, पडद्यांच्या दांड्या आणि ओट्याखालच्या ट्रॉल्या या किमतीत धरलेल्या नाहीत. याची यादी लिहून देऊ नका, दर भेटीला एकेक वस्तू आठवत जा. ते तेही मान्य करताहेत असं दिसलं तर दाराच्या बेलकडे बोट दाखवा.