एक वाक्य तरी स्वतःचं

२०२५च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला आणि जूनअखेर तो मागे घेतला गेला. ते दोन-अडीच महिने इथे न्यू जर्सीत आमच्या मंडळाच्या ग्रुपवरही दुसरा विषय नव्हता. कोणती भाषा, कितवीपासून, कुणाच्या सांगण्यावरून. मीही तावातावाने लिहीत होते. पहिलीतल्या पोरावर तिसरी भाषा लादू नये हे माझं मत आजही कायम आहे.

त्याच सुमारास मी भाच्याला एक काम सांगितलं होतं. मी दर रविवारी इथल्या मराठी शाळेत दहा-बारा वर्षांच्या मुलांना शिकवते. त्यांना वाचून दाखवायला म्हणून त्याला म्हटलं, तुझ्या गावाबद्दल चार ओळी लिहून पाठव. पोरगा नववीत, मराठीत ऐंशीच्या वर गुण. त्याने पाठवलं: ‘माझे गाव निसर्गाच्या कुशीत वसलेले आहे. गावाशेजारून झुळझुळ नदी वाहते. पक्ष्यांच्या किलबिलाटाने गावाला जाग येते.’

गाव बीड जिल्ह्यातलं आहे. गावाशेजारून नदी वाहत नाही. उन्हाळ्यात टँकर येतो आणि तो आला की हाच मुलगा हातातलं सगळं टाकून हंडे घेऊन धावतो. टँकर त्याच्या लेखनात कुठेच नव्हता. र्‍हस्व-दीर्घाची मात्र एकही चूक नव्हती.

मला त्याचा राग आला नाही, पोटात तुटलं. आपण सगळे असेच शिकलो. बाई फळ्यावर उत्तर लिहायच्या, आपण वहीत उतरवायचो, परीक्षेत तेच परत उतरवायचो. आता प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली, तिच्यात ‘स्वमत’ नावाचा प्रश्न आला, आणि बाजारातल्या गाइडांत स्वमताचीही तयार उत्तरं मिळू लागली. दहावीपर्यंत मूल हजारो वाक्यं लिहितं, त्यांतलं त्याचं स्वतःचं किती, हे कुणी विचारत नाही. चांगलं मराठी लिहिणं म्हणजे वळणदार अक्षर आणि शुद्धलेखन, एवढीच आपल्या घराघरांतली समजूत आहे.

माझा मुलगा इथे पाचवीत असताना त्याच्या शिक्षिकेने विज्ञानाच्या तासाला फळ्यावर एकच वाक्य तीनदा लिहिलं होतं: ‘झाडांना सूर्यप्रकाश लागतो’. एकापुढे ‘कारण’, दुसऱ्यापुढे ‘पण’, तिसऱ्यापुढे ‘म्हणून’. बाकीचं मुलांनी पुरं करायचं. मला आधी तो पोरखेळ वाटला. घरी स्वतः करायला बसले तेव्हा ‘पण’शी अडखळले. कारण सांगता येत होतं, परिणाम सांगता येत होता. ‘पण’नंतर काहीतरी खरं लिहायचं तर कमी उजेडात वाढणाऱ्या झाडांबद्दल ठाऊक असायला हवं होतं.

ही पद्धत ज्युडिथ हॉकमन या अमेरिकन शिक्षिकेने घडवली. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या न्यू डॉर्प हायस्कूलने ती गणित सोडून जवळपास सगळ्या विषयांत वापरली आणि २०१२ साली एका मासिकातल्या मोठ्या लेखामुळे ती देशभर पोचली. त्या लेखातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. स्टाइनबेक या अमेरिकन लेखकाची एक कादंबरी वाचून मुलांना ‘जरी जॉर्ज...’ अशी सुरुवात करून वाक्य लिहायला सांगितलं. कित्येकांनी लिहिलं, ‘जरी जॉर्ज आणि लेनी मित्र होते’, आणि पूर्णविराम दिला. ‘जरी’ आलं की पुढे ‘तरी’ यावं लागतं, हेच त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. चौदा-पंधरा वर्षांची मुलं, तीही इंग्रजी बोलणारी. पुढे त्या शाळेचा इंग्रजीच्या राज्य परीक्षेचा निकाल २००९च्या ६७ टक्क्यांवरून २०११मध्ये ८९ टक्क्यांवर गेला. शाळेत इतरही बदल चालू होते, त्यामुळे सगळं श्रेय एका स्वाध्यायाला देणं बरोबर नाही. वाक्यापासून सुरुवात करणं मात्र मला मनापासून पटलं.

यावरून अमेरिकेत सगळं छान चाललंय असं कुणी समजू नये. २०११च्या राष्ट्रीय चाचणीत आठवी आणि बारावीची जेमतेम २७ टक्के मुलं लेखनात अपेक्षित पातळीला पोचली होती. मुलांना मोकळेपणाने लिहू द्या, लिहिता लिहिता जमेल, यावर इथे फार वर्षं भिस्त ठेवली गेली. ज्यांच्या घरात पुस्तकं होती त्यांना जमलं. तिकडे आपण उतरवायला लावतो, इकडे यांनी सोडून दिलं, आणि दोन्हीकडे वाक्य कसं बांधायचं ते सांगायचं राहून गेलं.

मी रविवारच्या वर्गात हे मराठीत करून पाहिलं. ‘शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले’ एवढं फळ्यावर लिहिलं. ‘कारण’ सगळ्यांना आलं. ‘पण’शी वर्ग गप्प झाला. मग एक मुलगी म्हणाली, ‘पण संभाजीराजांना वाटेत मथुरेला ठेवावं लागलं.’ गोष्ट तिने नीट ऐकली होती हे मला त्या एका वाक्यातून कळलं.

मात्र इंग्रजी स्वाध्याय जसाच्या तसा उचलून चालत नाही, हेही तिथेच लक्षात आलं. मराठी वाक्य वेगळ्या सांध्यांनी जोडलं जातं. ‘टँकर आला आणि मी धावलो’ हे मराठीच, पण ‘टँकर आल्यावर’, ‘आल्यामुळे’, ‘आला म्हणून’, ‘येताच’, ‘येऊनही’, ‘आला तरी’ या प्रत्येकाने अर्थ बदलतो. ‘टँकर येऊनही’ म्हटलं की पुढे हंडा रिकामाच राहिल्याचं सांगावं लागतं. ‘जो-तो’, ‘जेव्हा-तेव्हा’ या जोड्या तर आपल्या बोलण्यात मुरलेल्या आहेत. आमची इथली मुलं ‘तो मुलगा, जो माझ्या वर्गात आहे’ असं इंग्रजी वळणाने म्हणतात, त्यांना ‘माझ्या वर्गातला मुलगा’ हे मुद्दाम शिकवावं लागतं. आपल्या व्याकरणात वाक्यसंश्लेषण, म्हणजे दोन वाक्यांचं एक करणं आहे, वाक्यरूपांतर आहे. ‘हे चित्र खूप सुंदर आहे’ याचं ‘किती सुंदर आहे हे चित्र!’ करून मुलं गुण मिळवतात आणि निबंध लिहायला बसली की ते विसरतात. हीच हत्यारं व्याकरणाच्या प्रश्नातून काढून इतिहासाच्या, विज्ञानाच्या वहीत आणायला हवीत.

बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिला हे सांगितलं तेव्हा ती चिडली. ‘ताई, तुझ्यासमोर अठरा मुलं, तीही आठवड्यातून एकदा. माझ्याकडे एका खोलीत दोन इयत्ता, वर सर्वेक्षणं, माहिती भरणं. निबंध कधी तपासू?’ तिचं म्हणणं खरंच आहे. परदेशात बसून सल्ले देणाऱ्यांचा मलाही राग येतो, म्हणून मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, निबंध तपासूच नकोस. पन्नास निबंधांना आठवडा लागतो, पन्नास वाक्यं वर्गात फिरता फिरता वाचून होतात. खडू आणि फळा सोडून काही लागत नाही.

दिवाळीनंतर, अर्ध्या गावाचे आईबाप ऊसतोडीला गेल्यावर, तिने पाचवीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं: ‘आई-बाबा कारखान्याला गेले, पण...’ संध्याकाळी मला एका वहीच्या पानाचा फोटो आला. अक्षर वेडंवाकडं, एक वेलांटी चुकलेली.

‘आई-बाबा कारखान्याला गेले, पण शेळी गाभण होती म्हणून तीला माझ्यापाशी ठेवून गेले.’

बहिणीने विचारलं होतं, वेलांटी लाल पेनाने दुरुस्त करू का? मी लिहिलं, उद्या कर. आज त्याला विचार, शेळी व्याली का, आणि त्याचं वाक्य ‘व्यायल्यावर’ने सुरू करायला सांग.