सरळ रेषेला शॉक देत नाहीत

‘हृदय बंद पडून मॉनिटरवर सरळ रेषा आली की शॉक द्या, हृदय पुन्हा सुरू होतं. शॉक डॉक्टरांनीच द्यावा, चुकीच्या माणसाला बसला तर तो दगावेल. मशीन येईपर्यंत रुग्णाला हात लावू नका.’ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हा मजकूर तिन्ही मुद्द्यांत चुकतो, आणि तिसरा तर थेट जिवावर बेतणारा आहे.

आधी सरळ रेषा. डिफिब्रिलेटर, म्हणजे शॉक देणारं मशीन, बंद हृदय सुरू करत नाही. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे स्नायू कुठल्याही तालाविना नुसते थरथरत असतात. विजेची धांदल चाललेली, पण रक्त पुढे जात नाही, नाडी लागत नाही. शॉक ही धांदल एका झटक्यात थांबवतो आणि हृदयाचा मूळ ताल ठरवणाऱ्या सायनस नोडला पुन्हा सूत्रं हाती घ्यायची संधी मिळते. ती घेईलच, याची हमी नाही. सरळ रेषेत मात्र थांबवायला धांदलच नसते. तिथे उपाय म्हणजे छाती दाबत राहणं, अ‍ॅड्रिनॅलिन आणि मूळ कारण शोधणं. सिनेमात हे दाखवत नाहीत, कारण दिसायला ते कंटाळवाणं असतं.

सार्वजनिक ठिकाणचं एईडी, म्हणजे स्वयंचलित डिफिब्रिलेटर, तर सामान्य माणसासाठीच बनवलेलं असतं. माणूस हाक मारून, हलवून जागा होत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तेव्हाच ते लावायचं. (अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे.) उघडी छाती ओली असेल तर पुसायची, एक पॅड उजव्या खांद्याच्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली. ताल मशीनच तपासतं. शॉकने सुधारणारा नसेल तर शॉक देतच नाही.

‘हात लावू नका’ ही सूचना खरी आहे, पण मशीन ताल तपासतं आणि शॉक देतं तेवढ्या क्षणांपुरती. कुणीतरी ती तोडून भलतीकडे चिकटवलेली दिसते. नुसतं बघत थांबलं, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून आधी मदतीसाठी फोन, मशीन आणायला कुणाला तरी पिटाळायचं आणि लगेच छातीच्या मधोमध दाबायला लागायचं: मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल. शॉक दिल्यावरही नाडी चाचपत बसायचं नाही. लगेच पुन्हा दाबायचं. २ मिनिटांनी मशीन स्वतःच ताल परत तपासतं.