समन्सवर दोन ओळी छापायला काय जातं?

आज सेतूच्या रांगेत एक मावशी दिसल्या. हातात कोर्टाचं समन्स, भावानं वावरावरून दावा लावलेला. कुणीतरी सांगितलं म्हणे, फुकट वकील पाहिजे तर आधी उत्पन्नाचा दाखला आणा. डोकंच फिरलं!

बाईमाणसाला हा दाखला लागतच नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. स्त्रिया, लहान मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतला माणूस, कुणालाच उत्पन्नाची अट नाही. त्याच कलमात दुष्काळ, पूर आणि भूकंपाचे पीडितही आहेत. आपल्या मराठवाड्याला हे कुणी कधी सांगितलं? बाकीच्यांना राज्यात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे, आणि तिथंही कलम १३ प्रमाणे स्वतःचं शपथपत्र चालू शकतं.

मावशी दाखल्यासाठी थांबल्या तरी मुदत थांबत नाही. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची. कोर्टानं सवलत दिली तर ९०. लोक सही करून कागद पेटीत ठेवतात, ‘भाऊच आहे, मिटवून घेऊ’ म्हणतात. मग दावा एकतर्फी चालतो, हुकूमनामा म्हणजे कोर्टाचा निकाल होतो, त्यावरून फेरफार ओढला जातो आणि सातबारावरचं नाव उडतं. तो हुकूमनामा रद्द करून घ्यायलाही ३० दिवसच. समन्सवर सही असेल तर ‘मला कळलंच नाही’ हे कोर्ट सहसा ऐकत नाही.

म्हणून कागद हातात पडला की मागं तारीख लिहा. समन्स, दाव्याची नक्कल, सातबारा, फेरफार, आधार घेऊन तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडं जा, फुकट वकील तीच देते. अर्ज मराठीत चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. पोच घेतल्याशिवाय हलू नका. अर्जावर निर्णय ७ दिवसांत द्यायचा असतो. कोर्ट फी, टायपिंग, नकला सगळं त्यातच येतं. नेमलेल्या वकिलानं पैसे मागितले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं लेखी तक्रार करा. तारखेला येतच नसेल तर वकील बदलून मागा.

समितीच्या यादीवरच्या (पॅनलवरच्या) वकिलांना मानधन कमी मिळतं, त्यामुळं काही जण मन लावत नाहीत, हे मान्य. ते वाढवाच. पण वकिलापर्यंत माणूस पोहोचायला तर पाहिजे.

शिबिरं होतात, फ्लेक्स लागतात, फोटो निघतात. ज्याच्यावर दावा झालाय त्याच्या दारात मात्र समन्स घेऊन कोर्टाचा बेलिफ जातो. मग त्याच्या हातातल्या कागदावरच मोठ्या अक्षरांत छापा: वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत या, १५१०० वर फोन करा, स्त्रियांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. नवी योजना नको, नवं ऑफिस नको.

मावशींना रांगेतून काढून कोर्टाकडं पाठवलंय. तुमच्या गावात कुणाला समन्स आलं असेल तर आजच विचारा, कागद कोणत्या तारखेला मिळाला.